खलाला लावलेला शेंदूर

"मामा, हे धुतलंय का?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. सांगलीतल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. परिचर हा कागदावरचा शब्द. पोरं मामा म्हणायची, प्राध्यापक मामा म्हणायचे, तपासणीला आलेले साहेबसुद्धा दुसऱ्या दिवसापासून मामा म्हणायला लागायचे. माझी सख्खी भाची याच कॉलेजात शिकायला आली तेव्हा तिची पंचाईत झाली. सगळं कॉलेजच मामा म्हणतंय म्हटल्यावर तिचं नातं दिसायचं कसं? शेवटी ती मला 'आमचे मामा' म्हणायला लागली.

माझं गाव आटपाडीकडचं. आज्यानं मेंढरं राखली, बापानं मेंढरं आणि थोडी बाजरी केली, मी बारावीला आपटलो. भरतीला गेलो तर छाती दोन बोटं कमी भरली. मग कुणाच्या तरी शब्दानं या नोकरीला चिकटलो आणि माधवनगरात खोली घेऊन सांगलीकर झालो. गेल्या मे महिन्यात नोकरीतून सुटलो.

माझं सगळं आयुष्य एम.एस्सी.च्या पोरांत गेलं, तेही ॲनॅलिटिकल केमिस्ट्रीच्या. लोकांना वाटतं केमिस्ट म्हणजे दोन रंगीत पाणी एकत्र करून धूर काढणारा. आमची पोरं तसलं काही करत नाहीत. ती नवीन काहीच बनवत नाहीत. दुसऱ्यानं आणलेल्या वस्तूत काय आहे आणि नेमकं किती आहे, एवढंच ती शोधतात. पाण्यात क्षार किती, मातीत जस्त किती, बेदाण्यात गंधक किती. ऐकायला सोपं वाटतं. पण या 'किती'पायी मी धडधाकट पोरांना रडताना बघितलंय.

कारण यात खरा वैरी असतो तो स्वतःचा हात. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं. नळाच्या पाण्यात चुना असतो, साबणात आणखी काय काय असतं. मोजायची वस्तू मोहरीच्या हजाराव्या भागाएवढी आणि बाहेरून येणारी घाण तिच्या दसपट. म्हणून दोन वर्षं पोरं शिकतात काय, तर स्वतःवर संशय घ्यायला. त्यासाठी एक युक्ती असते, तिला ब्लँक म्हणतात. सगळं काही तसंच करायचं, तेच आम्ल, तीच भांडी, तेवढाच वेळ उकळायचं, फक्त नमुना घालायचा नाही. त्यात काही सापडलं तर ते तुमच्या भांड्यांतलं किंवा आम्लातलं. तेवढं वजा करायचं. ब्लँक स्वच्छ आला की पोरांच्या जिवात जीव यायचा.

कोरेगावहून एकदा एक गृहस्थ विहिरीचं पाणी घेऊन आले होते. पांढरी टोपी, चेहरा काळजीनं उतरलेला. "गुरं पाणी तोंडाला लावंनात, तपासून द्या." पाणी आणलं होतं देशी दारूच्या बाटलीत. मी म्हटलं, "आवं, बाटली धुतली व्हती का?" तर म्हणाले, "धुवायची कशाला, मोकळीच व्हती की." त्यांना परत धाडलं, आमची स्वच्छ बाटली देऊन. दुसऱ्यांदा पाणी आलं ते चांगलं निघालं. गुरं का पीत नव्हती ते त्यांनाच ठाऊक. तवापासून मी पोरांना ही गोष्ट सांगायचो आणि वर मिशीला ताव द्यायचो, की बघा, मामाला कळतं. डिग्री नसली तरी कळतं.

आणि कळायचंही. बाकड्यावर बसून खोटी रीडिंगं लिहिणारा पोरगा मी न बघता ओळखायचो. तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा एकसारखा आकडा आला म्हटला की समजायचं, मापायची काचनळी, ती ब्युरेट, कपाटातच होती. तर असा मी शहाणा. आता त्या शहाण्याची गोष्ट ऐका.

माझ्या नोकरीतला शेवटचा दसरा. त्या वर्षीच्या बॅचमध्ये प्रणाली नावाची मुलगी होती. उंब्रजजवळच्या एका गावातली. बाप फौजेत, घरी आई आणि आजी. सांगलीत होस्टेलला राहायची. हुशार होती, पण हुशारीपेक्षा तिची नीट राहायची सवय मला आवडायची. काम झालं की ओटा पुसून जायची. एकतीस वर्षांत ओटा पुसून जाणारी पोरं मी एका हाताच्या बोटांवर मोजली असतील.

दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. प्रणालीनं घेतला हळदीचा. बाजारातली हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही लबाड लोक तिच्यात शिशाचा पिवळा रंग मिसळतात. शिसं पोटात जाऊन साठतं, लहान लेकरांच्या मेंदूला बाधतं. तर वेगवेगळ्या ठिकाणच्या हळदीत शिसं किती, हे तिला मोजायचं होतं. सांगली ही हळदीची पेठ, तेव्हा नमुन्यांना तोटा नव्हता. दुकानांतले चौदा नमुने तिनं जमवले. पंधरावा तिच्या आईचा.

तिची आई, नंदाताई, गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष होती. गट हळद दळून पाकिटं भरायचा आणि हायवेला विकायचा. तो नमुना प्रणालीनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. मला म्हणाली, "मामा, बाकीच्यात काय निघेल ते निघू दे. आमची शेवटी करणार. तेवढी शंभर टक्के स्वच्छ आहे."

काम असं चालायचं. हळद आधी भट्टीत वाळवायची, मग चिनी मातीच्या खलात घोटून एकसारखी बारीक करायची. घोटायचं काम माझं. पोरांचे हात लगेच दुखतात, माझा खल तासभर चालला तरी थांबायचा नाही. मग ती पूड प्रणाली तोलायची, आम्लात उकळून विरघळवायची आणि ते पाणी यंत्राला पाजायची. यंत्रात गॅसची ज्योत असते आणि शिशाचा खास दिवा असतो. ज्योतीत शिसं असलं तर ते त्या दिव्याचा उजेड खातं. किती खाल्ला त्यावरून आकडा. दसऱ्याच्या आधी तिचे चौदा नमुने घोटून, उकळून, मोजून झाले होते. सगळे मर्यादेच्या आत होते. ती थोडी नाराजच दिसली. एखादा तरी चोर सापडावा असं पोरांना वाटत असतं.

आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. सुतार रंध्याची करतो, फौजी बंदुकीची करतो. माझी हत्यारं प्रयोगशाळेत. मी पहिल्या वर्षापासून तराजूला, भट्टीला, खलाला हळदकुंकू लावून फूल वाहायचो. मागं एकदा कुणीतरी गॅसच्या टाकीजवळ निरांजन लावलं, तेव्हापासून प्राचार्यांनी प्रयोगशाळेत पूजा बंद करायचा लेखी हुकूम काढला होता. मी निरांजन बंद केलं. पूजा बंद केली नाही. सकाळी लवकर येऊन गुपचूप करायचो.

त्या वर्षी आदल्या दिवशी प्रणाली म्हणाली, "मामा, तुम्ही उद्या पूजा करणार, मला माहीत आहे. कुणाला सांगत नाही. पण हळद लावू नका हं. माझ्या नमुन्यात मिसळेल."

बरोबर होतं तिचं. कुंकूही हळदीचंच करतात, म्हणजे तेही नको. मी विचार केला, आपण दुसरं काहीतरी लावू. खोलीशेजारच्या मारुतीला गेलो आणि पुजाऱ्याकडून शेंदूर मागून आणला. तेलात कालवला. खलाच्या काठाला पाच बोटं ओढली, बत्त्याला टिळा लावला, फूल ठेवलं, हात जोडले. दसरा झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून काढला, साबणानं धुतला. स्वतःवर लय खूश होतो मी. पोरीनं सांगितलेलं ध्यानात ठेवलं, देवाचंही झालं.

शेंदूर शिशाचा असतो. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे जवळजवळ निव्वळ शिसं. हे प्रयोगशाळेत एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण मला ठाऊक नव्हतं.

खलाचा आतला भाग खरखरीत असतो, त्याशिवाय घोटलं जात नाही. तेलातला शेंदूर फडक्यानं तिथं आणखी आत बसला असणार. काचेची भांडी आम्ही आम्लात बुडवून ठेवायचो, खल कधीच बुडवला नव्हता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी त्याच खलात गटाची हळद घोटली.

सोमवारी दुपारी प्रणाली यंत्रापुढं बसली होती. आधी ब्लँक दिला, स्वच्छ आला. मग आईचा नमुना. आकडा बघून तिनं नळी काढली, पुसली, पुन्हा दिला. परत तोच. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मी शेजारी बाटल्या पुसत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला तिच्या चेहऱ्यावरनं कळलं की काहीतरी लय वाईट झालंय.

"मामा, आमच्यातच आहे."

इनामदार मॅडम तिच्या मार्गदर्शक. बाई कडक, पण न्यायाची. त्यांनी वही बघितली, ब्लँक बघितला, म्हणाल्या, "एका मोजणीवर काही ठरत नाही. पुन्हा कर. तोपर्यंत कुणाला बोलू नकोस."

पण तोपर्यंत प्रणालीनं घरी फोन केला होता. तिची काय चूक? गटाची हळद तिच्या आजीच्या, शेजारच्या लेकरांच्या पोटात जात होती. तिनं आईला सांगितलं, विकणं आत्ताच्या आत्ता थांबवा. आईनं विचारलं, "शिसं आलंच कुठनं?" आणि पोरगी पुस्तकातलं बोलून गेली, की कुणीतरी पिवळा रंग मिसळला असणार.

कुणीतरी म्हणजे कोण? चक्की चालवायची एकच बाई. शेवंता. नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेला, एकटीनं पोरगा वाढवला, लग्न करून दिलं. गटात सगळ्यांत आधी येणारी आणि सगळ्यांत शेवटी जाणारी. तिच्या हातच्या दळणाला रंग चांगला यायचा, कारण ती हळकुंड नीट निवडून, पुसून घ्यायची. हाच रंग आता तिच्या अंगावर आला. मंगळवारी मारुतीच्या देवळापुढं बायका जमल्या. एक म्हणाली, "मला आधीच वाटलं व्हतं, एवढा पिवळा येतोय कसा." दुसरी म्हणाली, "माझ्या नातवाला रोज दुधात घालून देत्ये मी." नंदाताईनं शेवंताला चक्कीवर यायचं बंद करायला सांगितलं, सगळ्यांसमोर.

हे सगळं मला प्रणाली तुकड्या तुकड्यानं सांगायची, खलाशेजारी उभी राहून. आणि मी मान हलवत घोटायचो. कारण पुन्हा मोजायचं म्हणजे पुन्हा घोटायचं.

बुधवारी दुसरा आकडा आला. जास्तच, पण सोमवारपेक्षा कमी. गुरुवारचा त्याहून कमी. मॅडमनी तिन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले.

"हळद तीच. पाकीट तेच. मग शिसं रोज कमी कसं होतंय? हळदीत असतं तर तेवढंच राहिलं असतं. हे बाहेरून येतंय आणि धुऊन जातंय."

मग सुरू झाली झडती. आम्लाची बाटली बदलली. पाणी बदललं. तराजूची पारडी, गाळायचा कागद, सगळं. प्रणाली म्हणाली, "पण मॅडम, ब्लँक स्वच्छ आहे." मॅडम म्हणाल्या, "ब्लँक कुठून सुरू केलास?"

"आम्लापासून."

"म्हणजे खलातून गेला नाही."

त्या माझ्याकडं वळल्या. "मामा, दसऱ्याला खलाला काही लावलं होतं का?"

आता ऐका मी काय बोललो ते. मला तेव्हा शेंदराचं माहीत नव्हतं. पण हुकूम मोडून पूजा केली हे माहीत होतं. सात महिन्यांवर निवृत्ती होती. सेवापुस्तकात एकतीस वर्षांत एक लाल शेरा नव्हता. मी म्हणालो, "हळदीचं बोटसुद्धा न्हाई लावलं, मॅडम."

शब्द खरा होता. हळद लावलीच नव्हती. मॅडमनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण त्यांनी तो कायम ठेवला होता. आणि सगळे पुन्हा भट्टीच्या मागं लागले.

दुसऱ्या दिवशी मी कपाट पुसत होतो. खालच्या फळीवर एक जुनी बाटली असते, नारिंगी पुडीची. वर्षानुवर्षं मी तिच्यावरची धूळ पुसली होती. त्या दिवशी हातात घेतली आणि पहिल्यांदा आतल्या रंगाकडं बघितलं. मारुतीच्या अंगाचा रंग. चिठ्ठी इंग्रजीत होती.

प्रणालीला हाक मारली. "पोरी, ह्ये काय असतंय?"

"रेड लेड, मामा. शिशाचं ऑक्साईड." तिनं सहज सांगितलं. "म्हणजे आपला शेंदूर."

मी बाटली ठेवून दिली. तिच्या काही लक्षात आलं नाही, तिचं डोकं दुसरीकडं होतं. डोळे सुजलेले. म्हणाली, "मामा, काल आईचा फोन आला होता. शेवंताकाकी जेवत नाहीये. तिनं मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, की मी रंगाचा कणसुद्धा घातला नाही. तर बायका म्हणाल्या, शपथ कुणीबी घेतंय, रिपोर्ट कुठं खोटा बोलतोय?"

तरी मी त्या दिवशी बोललो नाही. खरं सांगतो, आजही लाज वाटते. मी मनाशी म्हणालो, आकडा कमी होतोयच, दोन-चार वेळा घोटला की खल आपोआप स्वच्छ होईल, मॅडम म्हणतील यंत्राचा काहीतरी दोष होता, आणि मिटेल. घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं. भाजीत हळद. घास तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. ती बाई तिकडं चार दिवस उपाशी, आणि मी हितं सेवापुस्तक सांभाळत बसलोय. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवं, तुमच्या एका शेऱ्यापायी एका बाईचं नाव धुळीला मिळवताय व्हय? उठा, उद्या सकाळी पयलं काम ह्येच करा."

शनिवारी सकाळी मी मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही.

"मॅडम, मी शेंदूर लावला व्हता. खलाला आन बत्त्याला. तुमी इचारलं तवा मी लपवलं."

मला वाटलं आता फाडून खातील. पण त्या उठल्या, खल आणला, काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही चुकलात ते शेंदूर लावला म्हणून नाही. शेंदराचं मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही, ती माझीही चूक. पण गुरुवारी तुम्ही खरं बोलला असतात तर दोन दिवस वाचले असते."

"व्हय, मॅडम."

त्यांनी प्रणालीला बोलावलं. तिला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, त्या बघण्यात राग होता, आणि तो बरोबर होता. म्हणाली, "बायका काकीला काय काय बोलल्या ते मी रोज फोनवर ऐकलंय, मामा." मग ती एकदम रडायला लागली. "हळद लावू नका मीच सांगितलं होतं." मी म्हणालो, "तू हळदीचं सांगितलंस, शेंदराचं डोकं माझं." तिनं डोळे पुसले आणि सरळ एप्रन चढवला.

नुसतं सांगून भागत नाही. आमच्या धंद्यात मोजून दाखवावं लागतं. मॅडमनी खलात स्वच्छ साखर घोटायला सांगितली, तीच साखर उकळून मोजायची. म्हणजे खलातून गेलेला खरा ब्लँक. मग नवा खल आणून त्यात गटाची हळद, तीन पाकिटांतली, तीन वेळा. दोन दिवस गेले. प्रणाली यंत्रापुढून हलली नाही. मी तिच्या पाठीमागं हात बांधून उभा होतो. समजा शेंदूर खलात निघाला, पण हळदीतही शिसं निघालं तर? मग त्या बाईचं काय?

साखरेत शिसं निघालं. नव्या खलातल्या हळदीत, तिन्ही वेळा, जवळपास काहीच नाही. दुकानाच्या चौदा नमुन्यांपेक्षाही कमी.

प्रणालीनं आईला फोन लावला तेव्हा मॅडमनी तो तिच्या हातून काढून घेतला. "फोनवर नको," म्हणाल्या. "फोनवर एकदा सांगून काय झालं ते बघितलंस. आपण तिघं जाऊ."

मॅडमनी अहवाल लिहिला, सही केली. प्राचार्यांना मी स्वतः जाऊन पूजेचं सांगितलं. त्यांनी शेरा मारला. मारू दे. बुधवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही सांगलीहून निघालो, कराडला बदललं, उंब्रजला उतरलो. तिथून वडापच्या जीपनं गावात.

मारुतीच्या देवळापुढं बायका जमल्याच होत्या. कडेला पारावर पुरुष, आपला काही संबंध नाही असं दाखवत. शेवंता नव्हती. नंदाताई म्हणाल्या, "निरोप दिलाय. येती का न्हाई, देवच जाणे." आम्ही थांबलो. अर्धा तास. मग ती आली. उंच, वाळकी बाई, डोक्यावरनं घट्ट पदर. सगळ्यांत मागं भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी तिच्याकडं बघेना.

मॅडमनी सोप्या भाषेत सगळं समजावलं. खल काय, ब्लँक काय. बायका ऐकत होत्या, पण समजल्याचं तोंडावर दिसेना. मग मी उठलो. मी म्हणालो, "आयाबायांनो, शिसं तुमच्या हळदीत नव्हतं. ते माझ्या हातानं आलं. मी शेंदूर लावला, आन इचारल्यावर खोटं बोललो. तुमची हळद एकदम स्वच्छ हाय."

कुजबूज सुरू झाली. कुणी तरी हसलं सुद्धा, सुटल्यासारखं. नंदाताई उठून शेवंताकडं गेल्या. "आक्का, झालं गेलं इसरा. उद्यापास्नं चक्कीवर या."

शेवंता जागची हलली नाही.

"नंदे, तू मला इचारलं न्हाईस," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "धा वरसं तुज्याशेजारी बसून हळद निवडली. घरी यून इचारायचं व्हतंस, आक्का, तुमी केलंसा का? इचारलं असतंस तर मी राग मानला नसता."

प्रणाली पुढं झाली, "काकी, चूक माझी..." तर शेवंतानं तिला हातानंच थांबवलं. "तू लेकरू हायस." मग माझ्याकडं बघितलं.

"मामा, तुमी म्हणालासा हळद स्वच्छ हाय. हळदीचं काय, ती बोलत न्हाई. बायका हितं हुब्या राहून हळदीला बोलल्या न्हाईत. माझं नाव घिऊन बोलल्या. तवा तुमीबी नाव घिऊन बोला."

मी म्हटलं, "व्हय, बरोबर हाय." तिचं पूर्ण नाव मी प्रणालीला विचारून घेतलं आणि देवळाच्या पायरीवर चढलो.

"शेवंता दगडू शेलार यांनी हळदीत काय बी मिसळलं न्हाई. त्यांच्यावर आलेला आळ खोटा हाय. चूक माझी हाय."

मी पायरीवरून उतरायला लागलो.

"थांबा," शेवंता म्हणाली. "पारावर बसल्यात त्यास्नी ऐकू गेलं न्हाई. पुन्यांदा बोला."

मी पाराकडं तोंड केलं, आणि पुन्हा, मोठ्यानं, तिचं नाव घेऊन बोललो.